हिरव्या तोंडाच्या राजाचा शेवट

नवी कादंबरी हातात आली की मी शेवटचं प्रकरण आधी वाचते. लोक हसतात, म्हणतात, मग मजा ती काय राहिली. हसोत. त्या मजेपायी एकदा माझा केसानं गळा कापला गेलाय.

अड्याळला माहेरी आमच्या ओसरीवर बाया विड्या वळायला बसत. तंबाखूच्या हातानं पुस्तक धरता येत नाही, म्हणून एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकत वळायचं, अशी रीत होती. वाचणारीचं काम बुडू नये म्हणून संध्याकाळी प्रत्येकीनं मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. वाचणारी म्हणजे माझी मोठी वहिनी. भाऊ पवनीहून भाड्यानं कादंबऱ्या आणी. जादूच्या, भुताच्या, गुप्तहेरांच्या.

माझी मतं तेव्हापासूनच तिखट. भुताच्या कादंबरीनं मी कधी भ्याले नाही. ती भुतं पडक्या बंगल्यातच राहत, आमच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवायला एकही येत नसे. गुप्तहेराच्या कादंबरीत मुनीम शिरला की खून त्यानंच केला, हे मी आधीच सांगून टाकी आणि बाया माझ्यावर चिडत. सगळं झाल्यावर 'हे तर स्वप्न होतं' म्हणणारा लेखक मला एकदा समोर हवा होता. जेवायला बोलवायचं आणि रिकामं ताट पुढं करायचं, ही काय रीत झाली? जादूच्या कादंबऱ्या मात्र मला मनापासून आवडत. त्यांत बाई काहीतरी ठरवते आणि दार उघडतं.

आणीबाणी उठली त्या सुमारास वहिनीच्या मावसभावाचं स्थळ मला सांगून आलं. लाखनीला हमरस्त्यावर त्याचं हॉटेल, पहिली बायको वारलेली, वयानं माझ्याहून बराच मोठा. मला नको होतं. बाबा म्हणाले, पोरीच्या मनाविरुद्ध करणार नाही, तिनं विचार करून सांगावं.

त्याच दिवसांत वहिनीनं नवी कादंबरी काढली. तलावाखालच्या नगरीचा हिरव्या तोंडाचा राजा एका राजकन्येला मागणी घालतो. ती नाही म्हणते, तो वाट पाहत राहतो. वहिनी रोज थोडं थोडं वाचे आणि मी विडीला दोरा बांधता बांधता राजकन्येच्या जागी स्वतःला बघे. शेवटच्या दिवशी वहिनीनं वाचलं की राजकन्येनं त्याच्या हातात हात दिला, हिरवं तोंड गळून पडलं आणि आतून भला माणूस निघाला. बायांनी डोळे पुसले. मीही पुसले. त्याच संध्याकाळी मी बाबांना हो म्हटलं.

एवढ्याशानं कोणी लग्न ठरवतं का, असं तुम्ही म्हणाल. ज्यांना विचारायला दुसरं कोणी नसतं, ते ठरवतात.

नवरा राक्षस नव्हता. असता तर निदान सांगायला काही झालं असतं. त्याचा दिवस भजी तळण्यात आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत घालण्यात जाई. मला काय वाटतं, हे त्यानं कधी विचारलं नाही. कुठलंच तोंड गळून पडलं नाही. दुपारच्या वेळी मी आपली आपण वाचायला लागले. काही वर्षांनी बसस्टँडजवळच्या भाड्याच्या पुस्तकांत त्याच कादंबरीवरचं हिरवं तोंड दिसलं. घरी आणून अधाशासारखी वाचली. शेवटी राजकन्या राजाची अंगठी पाण्यात टाकते, नावेत बसते आणि एकटी पलीकडच्या काठाला जाते. कादंबरी तिथंच संपते. एखादं पान गळालंय का, म्हणून मी पुन्हापुन्हा पाहिलं. नव्हतं गळालं.

पोळ्याला माहेरी गेले तेव्हा ते पुस्तक सोबत नेलं. सण झाल्यावर वहिनीला चुलीपाशी गाठलं आणि शेवटचं पान तिच्यापुढं धरलं. शेवट आपणच बदलला, हे तिनं नाकारलं नाही.

"माया मावसभाऊ एकटा पडला होता, बाई," ती म्हणाली. "आन् तुमाले तरी कोनत्या राजाचं पोरगं सांगून येऊन राहिलं होतं? दगडापेक्षा वीट मऊ."

"मंग तसं सांगाचं होतं, वयनी. पुस्तकाच्या तोंडून कायले सांगतलं?"

"माया तोंडून तुमी आयकलं नसतं."

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी कशावर विश्वास ठेवते हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तिनं हात तिथंच घातला.

दुपारी बाया वळायला बसल्या तेव्हा मी म्हटलं, आज मी वाचते. शेवटचं प्रकरण आहे तसं वाचलं, अंगठीपासून नावेपर्यंत. कोपऱ्यातल्या म्हातारीनं विचारलं, "मंग आपन तवा रडलो ते कायच्यासाठी?" वहिनी खाली मान घालून वळत राहिली.

संध्याकाळी रीतीप्रमाणे माझ्या सुपात मुठी पडल्या. तिचीही पडली. तेवढी मूठ मी वेचून काढली आणि तिच्या सुपात परत ठेवली.

सकाळी लाखनीची बस धरली. हॉटेलात भज्यांचं बेसन कालवायचं होतं.