काकीनं न भरलेली घागर

माझी काकी कौसाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवऱ्याची घागर भरत नसे. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात, म्हणजे त्याचा जीव तहानलेला राहत नाही. हिलालकाका छप्पन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या दुष्काळात गेला, एवढंच मला ठाऊक होतं. मला जन्म देऊन आई गेली, वाढवलं ते काकीनं. तिला कुणी बोललेलं मला खपायचं नाही.

आणि शेजारची भिकुबाई तर बोलायचीच. "भर दुपारनं काटवनाकडथाईन कोणी पानी मांगस. हिलालच शे तो!" काकी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या आखाजीला मी मालकांना आणि दोन्ही पोरींना घेऊन कोरीटहून बैलगाडीनं माहेरी आले. माहेर म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाडीतून उतरते न उतरते तोच भिकुबाईनं सुरू केलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बस झालं, यंदा काकाची घागर मी भरते! कुंभाराकडून घागर आणली, पण विहिरीत नुसता गाळ. बादलीला पाणी लागेना.

तेवढ्यात थोरली रूपी खेळून आली. पाय गुडघ्यापर्यंत ओले. भर वैशाखात, अहो! "कोठे गयथी वं भवानी?" तिनं काटवनाकडे बोट दाखवलं. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी होती. तिकडे काही नाही, नुसते काटे, असं मोठी माणसं सांगायची.

घागर घेऊन रूपीमागं काटे सारत आत गेले तर समोर तळं. घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथंच लहानाची मोठी झाले तरी मला पत्ता नाही! पाणी काळपट. काठावर ना धुण्याचा दगड, ना गुराचा खूर. पाखरूही बोलत नव्हतं. घागर बुडवली तर ती बुडबुडाही न करता भरली. मागून कुणी हाक मारील असं वाटत राहिलं. मी भांडकुदळ म्हणून नावाजलेली, पण घागर कडेवर घेऊन, रूपीचा हात धरून धावतच सुटले.

काकी ओट्यावर बसली होती. मी घागर तिच्यासमोर टेकवली आणि वर खरबूज ठेवलं. ती घागरीकडे बघून म्हणाली, "हाई पानी कथाईन लयनी वं?"

"काटवनना तलावमाईन. काकाकरता."

तिचा चेहराच उतरला. मग तिनं सांगितलं. छप्पन्याला ते तळं आटलं होतं. माणसं तळात झिरे खणायची आणि त्या खड्ड्यात पाझरेल तेवढं पाणी भरायची. काकीच्या घशाला कोरड पडलेली. "तू आठेच बठ, मी पानी लई येसू," म्हणून काका झिऱ्यात उतरला आणि कडा त्याच्यावर ढासळली. उकरायला गावात कुणाच्या अंगात बळ नव्हतं. पुढे पाऊस आला, तळं भरलं. गावानं भोवती काटे लावले आणि तळ्याचं नाव घ्यायचं टाकलं.

"घागर कशी भरू वं?" काकी म्हणाली. "ती मरेल माणूसनी भरतस. मी तं अजून बठेलच शे."

मला रडू कोसळलं. काकीनं घागर पुढ्यात ओढली, खरबूज खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी घागर तोंडाला लावली. पदर भिजला तरी पीतच राहिली.

"पानी लई उनात तुम्ही एकदाना," ती काटवनाकडे बघून काकाला म्हणाली आणि तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली. "आते पुढली आखाजीले त्यास्ना नावनी घागर भरजो."