बाजारातून व्याकरण आणणारी

हिंगोलीच्या बाजारात सगळी माणसं भाजी आणायला जात. व्याकरण आणायला जाणारी आमच्या शेजारची मुलगी तेवढी एकटीच. तेलंगणातून येऊन आमच्या गल्लीत माग टाकलेल्या विणकराची ही थोरली. घरात तेलुगू, मोहल्ल्यात उर्दू, आणि हिला मात्र पंधराव्या वर्षी कविता सुचायच्या त्या मराठीत. अक्षरं तिला मी शिकवली. पण तो, ती, ते यांच्यापुढे मी हात टेकले, कारण तिच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असली भानगडच नव्हती. मग ती टोपली घेऊन थेट भाजीवालीकडे जाई. "मावशी, वांगं ते, भेंडी ती, मग मुळा तो काहून?" मावशी एकदा वैतागून म्हणाली, "पोरी, तुला भाजी घ्यायचीय का ह्यांच्या सोयरिकी जमवायच्यात?"

एखादा शब्द आवडला की तो दिवसभर तिच्या तोंडात गोळीसारखा घोळायचा. 'गाभुळलेली' हा शब्द तिला चिंचेखाली सापडला आणि त्या आठवड्यात आमची गाय, संध्याकाळ आणि माझी धाकटी बहीण, सगळ्याच गाभुळलेल्या झाल्या. एका घरी आम्ही आईबरोबर दुखवट्याला गेलो होतो. तिथली म्हातारी रडत म्हणाली, "जीव नुसता कासावीस होऊन राहिला बाई." ही चटकन पुढे सरकून म्हणाली, "आजी, पुन्हा एकदा म्हणा ना!" म्हातारी रडायची थांबली. आईनं हिला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर येऊन बघते तर हिचेही डोळे भरलेले. "किती बराबर शब्द हाय गं," एवढंच म्हणाली.

सोळाव्या वर्षी तिची कविता पुण्याकडच्या एका मासिकात छापून आली, तीही तिच्या पूर्ण नावानिशी, खाली 'हिंगोली' घालून. तिनं ती सगळ्या गल्लीला दाखवली, वाचता न येणाऱ्यांना तर दोनदा. फक्त तिच्या वडिलांना, अय्यांना, ती कशावर आहे ते सांगितलं नाही. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं आणि विचारायला त्यांना मागावरून उठायची फुरसत नव्हती.

त्याच सुमारास सोलापूरहून तिला बघायला पाहुणे आले. तेही विणकरच. गल्लीतल्या कुणीतरी मुलाच्या वडिलांच्या कानावर घातलं होतं, की पोरीचं नाव छापून येतं. चहा होताच त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय? वाचा की." ती भिंतीला चिकटून उभी. शेवटी मला बोलावणं आलं. मी एकेक ओळ वाचायची आणि तिनं खाली मान घालून ती तेलुगूत सांगायची.

तुटला धागा बोटांना दिसतो,
अय्या म्हणतात, दिवाच मंद.

या दोन ओळी मी वाचल्या, तिनं त्या तेलुगूत सांगितल्या. लेकीच्या बघण्यात बापाची नजर गेल्याचं उघड झालं होतं. हे ऐकून पाहुणे उठून जाणार, असंच मला वाटलं. अय्यांनी मान मागाकडे वळवली. मग मला कळावं म्हणून असेल, मोडक्या मराठीत म्हणाले, "खरं हाय. दोन साल झाले, मला बराबर दिसत न्हाई. घरात कोणाला सांगितलं न्हाई मी. हिला कसं कळालं?"

ती तोंडावर पदर घेऊन रडू लागली.

मुलाच्या वडिलांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. "माझ्या घरचा दिवाबी मंदच हाय," ते हळूच म्हणाले. मग अय्यांच्या जवळ सरकले. "पोरीला तिकडंबी लिहू द्या. आमची ना न्हाई."

लग्न झालं. निरोपाला मी स्टेशनावर गेले. नवं लुगडं सावरत ती डब्याच्या खिडकीशी बसली होती. मला वाटलं, रडेल. तिनं एकदम विचारलं, "मला एकेक शब्द मागून आणावा लागला. तुला तर भाषा जन्मापासून हाय. तू काहून न्हाई लिहीत?"

मी हसले. गाडी हलली.

पुढे संस्थानात दंगेधोपे माजले, त्या गडबडीच्या सालांत आम्हीच हिंगोली सोडून वऱ्हाडात गेलो आणि पत्ते हरवले. तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आज मी हे एवढं लिहिलं आहे. ते तिच्यापर्यंत कसं पोचवायचं, तेवढं मात्र मला ठाऊक नाही.