एक शे!

आमच्या ऑफिसात अहवालांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. अहवाल निदान पोस्टानं जातात. किस्से माझ्याबरोबर घरी येतात आणि कुकरच्या शिट्ट्या चुकवतात!

धुळ्यात, देवपूरच्या दोन खोल्यांत आमचं अभ्यास केंद्र. खेड्यांतल्या इंधनावर टिपणं लिहून जर्मनीतल्या जोडीदार संस्थेला पाठवायची. त्यावरून देशोदेशीचे लोक हवामानाच्या बैठकीत बोलणार. म्हणजे, असं आमचे प्रमुख नाना म्हणतात.

सासूबाईंनी विचारलं, "तिथं करतेस तरी काय?"

मी ऐटीत म्हटलं, "आम्ही जगाचा ताप कमी करतो."

"आधी पोरीचा बघ!"

तो मी सकाळपासून तीनदा पाहिला होता. नव्हताच!

*

एकदा जर्मनीहून फॅक्स आला : तुमच्याकडे वीजटंचाई कितपत आहे, तातडीनं कळवा. अर्धा कागद बाहेर आला आणि लाईट गेली.

नाना म्हणाले, "चला, उत्तर गेलं!"

*

पुण्याचे कुलकर्णी नवीन लागले होते. धरणगावकडच्या खेड्यात त्यांनी एका घरच्या अक्कांना विचारलं, "प्यायला पाणी आहे का?"

"शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. म्हणजे, आहे.

कुलकर्णी पेन काढून थांबले. "किती शे?"

"अरे भाऊ, पानी शे! पी ना!"

*

आमचं टिपण बैठकीत मांडायचं की नाही, हे ठरवायला जर्मनीचे साहेब स्वतः आले. टिपणात होतं : अक्कांच्या गावात शंभर गोबरगॅस.

गावात एकच दिसला, अक्कांच्या गोठ्यामागे. टाइप मी केलेलं. पण चुकून एखादं शून्य पडेल, दोन कशी पडतील?

कुलकर्णींनी वही पुढे केली. "अक्काच म्हणाल्या ना, एकशे!"

अक्कांनी कपाळावर हात मारला. "एकशे नही भाऊ, एक शे!"

नानांनी साहेबांना सगळं सरळ सांगून टाकलं. आता टिपण गेलंच, असं मी धरून चालले. साहेब म्हणाले, "शंभर मला पुष्कळ ठिकाणी दाखवले. सगळे बंद. हा?"

मी विचारलं. अक्कांनी त्याच गॅसची शेगडी पेटवून चहाच ठेवला. "पन चालू शे!"

टिपण बैठकीत गेलं, आमच्या केंद्राच्या नावानिशी! वर अक्कांचं वाक्य, साहेबांच्या हट्टानं जसंच्या तसं, रोमन अक्षरांत : Ek she. Pan chalu she!

बैठकीतून फॅक्स आला : सगळे देश विचारतायत, ही 'she' कोण?

नानांनी उलट कळवलं, "आमच्या अक्का!"