रोग्याचे हक्क आणि बाधा

मी बोर्ड चुकीचा वाचला, म्हणून आत्याला कळलं की तिला कॅन्सर आहे.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नांदेडहून हैदराबादला आली, नल्लकुंट्याच्या एका शाळेत आया होती. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा तिनेच मला ठेवून घेतलं.

मी दर चार महिन्यांनी काम सोडायचो. ती म्हणायची, "पायाला भिंगरी घेऊनच जन्मलास का रे?"

तिच्या गाठीचा रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो होतो. घरी येऊन म्हणालो, "साधी गाठ आहे."

केमोच्या आधी आत्याला घेऊन डॉक्टरांना भेटायला गेलो. ओपीडीत नंबर यायला वेळ होता. भिंतीवर मोठा तेलुगू बोर्ड.

"वाच की. लई तेलुगू येतं म्हणतोस."

माझं तेलुगू बसच्या पाट्यांवरचं. तरी वाचलं. रोगुल हक्कुलु, बाध्यतलु.

"म्हणजे?"

"रोग्याचे हक्क आणि बाधा." दिलं ठोकून.

"बाधा सांगायचा हक्क असतो होय? मग आज सगळंच सांगते."

आत गेल्यावर बोर्डाचं नाव सांगून तिने सुरू केलं. गुडघा. दाढ. झोप. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या.

"और एक बाधा लिखो अम्मा. ये मेरा भाचा झूट बोलता मेरेकू. क्या बीमारी है सबकू मालूम, मेरेकूच नै मालूम."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

मी पंख्याकडे बघितलं.

मग त्यांनी तिला सांगितलं. हळू, पण सरळ. कॅन्सर हा शब्द घेऊन.

बोर्डाचा अर्थ पण सांगितला. बाध्यतलु म्हणजे जबाबदाऱ्या. आजार काय ते कळणं तुमचा हक्क, आणि काय काय औषध खाता ते खरं सांगणं तुमची जबाबदारी.



आत्याने पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. शेजारणीने दिलेली पावडर. महिनाभर खात होती, मला चोरून.

बाहेर चहा पिताना म्हणाली, "तू एक लपवलंस, मी एक लपवलं. आता बास."

केमोची एक तारीख चुकवली नाही तिने. केस गेले, परत आले. ती परत शाळेत गेली. दोन वर्षं मस्त गेली आमची.

मग आजार उलटला. डॉक्टरीणबाईंनी अजून एक औषध सुचवलं. आत्याने सगळं नीट विचारून घेतलं आणि नको म्हणाली. फक्त दुखायचं थांबेल एवढं द्या.

मी लई भांडलो.

"हक्क कुणाचा रे, तुझा का माझा?"

माझा शारजाचा व्हिसा आला होता. बाबा येऊन राहिले तिच्याजवळ, तरी मी जात नव्हतो. तिनेच काढलं मला. "इथं बसून माझं तोंड बघणार? जा. फक्त फोनवर खोटं बोलायचं नाही."

रोज कॉल. हॅलो वगैरे नाही. "हां, बाधा बोल."

मी ऊन सांगायचो, रूममधला घोरणारा सांगायचो. ती तिचं दुखणं सांगायची, कमी-जास्त न करता.

शेवटच्या कॉलला म्हणाली, "आज काहीच नाही रे. खिचडी खाल्ली पोटभर."

तिचं ते खरंच होतं. बाबांना विचारलं मी नंतर.

आत्या, आजची बाधा.
अंगठ्याला थोडं लागलंय.
तुझी आठवण येते.
बाकी जेवलो. काम तेच आहे, सोडलं नाही. खरं सांगतोय.

जयभीम, आत्या.