सोनाक्काला कळवायचं राहिलं

सोनाक्का गेल्याचं मला तिच्या सुनेनं, हौसानं, सांगितलं. हौसा दर सोमवारी मुळशीहून तूप विकायला पुण्यात येते. त्या दिवशी ती आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी रिकाम्या हातांनी उभी होती. "आज तूप संपलं वाटतं?" मी लांबूनच ओरडलो. "आत्या गेल्या, मास्तर," ती म्हणाली... माझं तोंड हे असं नेहमी दोन पावलं पुढं असतं. त्या तोंडाबद्दलही इथं लिहावं लागणार आहे.

रानातल्या झाडपाल्याचे अर्क कॅन्सरवर चालतात का, हे पाहायचं आमचं काम. मुळ्या स्पिरिटात भिजवायच्या, गाळायच्या, आटवायच्या आणि तो अर्क गाठ असलेल्या उंदरांना टोचायचा. मुळ्या आणायचं काम माझ्याकडे, कारण बाटल्या माझ्या हातून फुटत. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यात सोनाक्का राहायची. झाडपाल्याची जाणकार. पहिल्या भेटीत मी तिला न विचारताच पोतंभर पाला ओरबाडला. ती बांधावर बसून शांतपणे बघत होती. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, ही आमच्या शेरडांची न्याहारी हाय. तुजी उंदरं खात्यात व्हय?" खिशाला पेन असलेला प्रत्येक माणूस तिच्या लेखी मास्तर.

खरी मुळी तिनं दुसऱ्या दिवशी दाखवली. आदल्या संध्याकाळी झाडापाशी तांदळाचे पाच दाणे ठेवून त्याला आवतण द्यायचं, सकाळी एकाच अंगानं उकरायचं, उरलेल्या मुळीवर माती लोटायची, हा तिचा शिरस्ता. मी तो इमानानं नोंदवहीत उतरवला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तांदळाच्या दाण्यांवर लाल पेन्सिलीनं रेघ मारली.

त्या मुळीच्या पहिल्या खेपेला काही उंदरांच्या गाठी लहान झाल्या. "एका खेपेवरून काही ठरत नाही, बाहेर बोलू नका," साहेब म्हणाले. मी दुपारच्या एस.टी.नं सोनाक्काच्या दारात! "आक्का, तुझ्या मुळीनं गाठ विरघळली!" ती चेष्टा करेल असं वाटलं होतं. तिनं नुसता पदर सारखा केला. "समदी विरघळली?" "समदी!" मी ठोकून दिलं.

दुसऱ्या खेपेचे उंदीर मेले. गाठी जशाच्या तशा. अर्कच विषारी ठरला, तो पातळ करून तिसरी खेप लावायची ठरली. हे सांगायला मात्र मला एस.टी. मिळेना. चुलतभावाचं लग्न, मग पाऊस, मग न लचकलेला पाय... दोन महिने गेले.

गेलो तेव्हा ती चुलीपुढं बसली होती, पार अर्धी झालेली.

"आक्का, दुसऱ्या खेपेला उंदीर मेले."

"कदी?"

"झाले... दोन महिने."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "येष्टी बंद हुती व्हय?"

मग तिनं सांगितलं. शिमग्यापासून तिच्या छातीत गाठ होती. मी नाचत आलो त्या दिवसापासून ती रोज सकाळी मुळी उगाळून घेत होती आणि ओकत होती. गाठ विरघळताना असंच होत असेल, असं समजून.

दुसऱ्या दिवशी तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. "आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहू लागले. त्या दोन महिन्यांनी फरक पडला असता का, कुणीच सांगू शकत नाही. साहेब म्हणतात, नसता पडला. त्यांच्या चांगुलपणाच्या आडोशाला उभं राहायचा मोह होतो, राहत नाही. सोनाक्कानं मला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "हासत आलास, तसं रडत बी यायचं हुतंस."

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी वाड्यावर गेलो. हौसानं घोंगडी टाकली. ओसरीवर खालच्या गावची एक बाई बसली होती. गळ्याशी गाठ, मुळी मागायला आलेली. मी टेकायच्या आत हौसानं विचारलं, "मास्तर, तिसऱ्या खेपेचं काय?"

"मेले," मी म्हणालो. "कालच."

"आत्यांनी सांगून ठेवलंया. मास्तर आला की आदी उंदरांचं इचारायचं, मंग पानी द्यायचं." ती त्या बाईकडं वळली. "ऐकलंस न्हवं? मुळी मिळायची न्हाई. आजच्या येष्टीनं पुन्याला जायाचं. मास्तर संगट हायेत."

बाई पदराचा शेव चाचपत उठली.

मग हौसानं मला पाणी दिलं.