भाऊ, आता तुमी बसा

मंगळवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही तिघं मंगरूळपीरच्या आमच्या ऑफिसात डबे उघडून बसलो होतो. वानखडे मॅडमच्या डब्यात गवारीच्या शेंगा, जीप चालवणाऱ्या साबीरभाईंकडे अंडी, माझ्याकडे मुगाची उसळ. गुरुवारी वाशीमला महिन्याची मीटिंग होती आणि मीटिंग सुटल्यावर कुठल्या हॉटेलात जेवायचं, यावर वाद रंगला होता. चौथी खुर्ची प्रल्हादभाऊंची. ते आमच्या ऑफिसचे मोठे बाबू. सोयाबीन काढायला दोन दिवसांची सुट्टी टाकून इंझोरीला घरी गेले होते.

मॅडमचा फोन वाजला. भाऊंच्या मुलाचा होता. शेतातून आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि गेले. तो एवढंच म्हणाला. मॅडमनी फोन खाली ठेवला आणि डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून इंझोरीहून परत निघालो. अर्ध्या रस्त्यात साबीरभाई एकदम म्हणाले, "मॅडम, वो टोपी याद है?"

मॅडमना हसू फुटलं. मग मला. मग साबीरभाईंना इतकं, की त्यांना जीप बाजूला घ्यावी लागली. मागून येणारा एक मोटारसायकलवाला थांबला आणि काळजीनं विचारू लागला, "काही झालं काय जी?"

काय सांगणार त्याला!

तेव्हापासून किस्से निघतायत. माणूस रोज समोर बसलेला असतो तेव्हा त्याचे किस्से कोणी मोजत नाही. ऑफिसातल्या कपाटावरच्या गठ्ठ्यांसारखे ते आपले साठत राहतात. एक ओढला की दहा अंगावर!

ज्यांना भाऊ माहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी त्यांची खोड सांगतो. लग्न असो, तेरवी असो की जयंतीचं भोजनदान, पंगतीत वाढायला भाऊ सर्वांत पुढे. लहानपणापासूनचं ते वळण. समोर रिकामं ताट दिसलं की या माणसाला बसून राहवायचं नाही. घरी ठीक आहे हो, पण भाऊ हे हॉटेलातसुद्धा करायचे! ओळख ना पाळख, शेजारच्या टेबलावर जाऊन वाढायचे, आणि तेही आग्रह करकरून. आणि स्वतः? सगळ्यांचं झालं की हात धुवायच्या बेसिनपाशी उभ्यानं, गार झालेली रोटी.

म्हणून आम्ही तिघांनी मनाशी ठरवलं होतं. भाऊंना एकदा खुर्चीत बसवायचं आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत गरम गरम वाढायचं. बस, एवढंच. ते किती अवघड होतं ते आता ऐका.

* * *

मी बदली होऊन नवा नवा आलो होतो तेव्हाची गोष्ट. वाशीमच्या एका हॉटेलात मरणाची गर्दी. शेजारच्या टेबलावर एक दणकट गृहस्थ कोरडा भात चिवडत बसले होते. वेटर त्यांच्याकडे फिरकतच नव्हता. भाऊंनी एकदा मान वळवून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा आमच्यासमोरची शेवभाजी उचलली आणि निघाले!

गृहस्थांनी एक घास खाल्ला. म्हणाले, "मीठ कमी हाय."

"हो जी, आज जरासं कमीच हाय," म्हणत भाऊंनी मीठ आणून दिलं.

"अन् हा पंखा?"

भाऊंनी पंखा वाढवला.

"लिंबू गिंबू?"

लिंबूही आलं. गृहस्थ तृप्त झाले. जाताना काउंटरवर मालकाला म्हणाले, "तुमचा मॅनेजर लय भला मानूस हाय. त्याले सोडू नका."

मालक चमकून भाऊंकडे बघायला लागला. भाऊ शांतपणे म्हणाले, "पाहा बुवा, पब्लिक काय म्हनते!"

* * *

एकदा आमच्या बाजूच्या मोठ्या टेबलावर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालला होता. हल्ली हे कार्यक्रम हॉटेलात होतात. मुलाकडचे एका बाजूला, मुलीकडचे दुसऱ्या बाजूला. कोणीच कोणाशी बोलेना, आणि आधी हात कोणी घालायचा म्हणून कोणीच जेवेना. मध्ये पनीरच्या भाजीवर साय धरत चाललेली.

मॅडमनी भाऊंच्या शर्टाची बाही पकडून ठेवली. "भाऊ, तिकडं पाहू नका. त्याईचं खाजगी हाय."

"अवं मॅडम, पनीर थंडं होऊन राह्यलं न!"

बाही सुटली. भाऊ त्या टेबलाशी पोचले. "घ्या न जी, लाजता कायले? तुमी घ्या ताई. ह्या पोराले वाढा, कसं वाळून गेलं! नाई म्हनायचं नाई, अर्धी तं घ्याच."

गंमत अशी झाली की मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाचे मामा. आणि मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे. त्यामुळे दोन्हीकडून मान! पाच मिनिटांत सगळे जेवायला लागले, दहा मिनिटांत हसायला. शेवटी मुलाच्या वडलांनी घसा साफ करून भाऊंनाच विचारलं, "मंग मामा, तुमचं काय म्हननं?"

भाऊ म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पोरगंबी चांगलं हाय. पन दोघंबी जेवत नाईत. ह्याईचं लवकर जमवा, म्हंजे पोटात अन्न जाईन."

निघताना दोन्हीकडच्यांनी पत्ता विचारून घेतला. महिन्याभरात ऑफिसात एका लग्नाच्या दोन पत्रिका आल्या. एक मुलाकडून, एक मुलीकडून. दोन्हींवर नाव एकच, प्रल्हादमामा!

मॅडमनी विचारलं, "आता लग्नात बसान कोनाकडून?"

"बसतो कायले?" भाऊ म्हणाले. "वाढीन न!"

* * *

त्या लग्नाहून परत येताना जीपमध्ये मॅडम त्यांच्यावर जरा चिडल्याच. "भाऊ, तुमी मोठे बाबू हा. असं लोकाईच्या ताटावर वाकून वाकून वाढता, लोक हासतात. काहून करता असं?"

भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "मॅडम, मी सहा-सात वर्साचा असन. बाबासंगं एका लग्नाले गेलो होतो, दूरच्या गावी. आमची पंगत अलग बसवली. वाढनारा मानूस उभा राहून वरून भाकर सोडे. बाबाच्या ताटात पडे, कधी ताटाबाहीर पडे. बाबा उचलून घे." मग म्हणाले, "तवाच ठरवलं, आपुन वाढू तं वाकून वाढू."

मग भाऊ स्वतःच हसले. म्हणाले, "म्हनून तं कंबर गेली न माही!"

साबीरभाईंनी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

* * *

यानंतर आम्ही तिघं जिद्दीलाच पेटलो. एका एसी हॉटेलात सोफ्यासारखे बाक होते. मॅडमनी व्यूहरचना केली. भाऊ आत, भिंतीकडच्या कोपऱ्यात. त्यांच्या बाजूला मी, म्हणजे दार बंद. समोर मॅडम आणि साबीरभाई. टेबल पोटापर्यंत ओढून घेतलं. भाऊंना हलायलाही जागा नाही!

"लेखक, जरा सरका न," भाऊ म्हणाले. पेपरात माझे दोन-चार लेख छापून आलेत, तेव्हापासून मी त्यांचा लेखक.

"नाही," मी म्हणालो.

सूप आलं. भाऊ चक्क बसून सूप प्यायले. मॅडमनी विजयी मुद्रेनं मला खूण केली. मी वेटरला हाक मारायला मान वळवली, आणि परत बघतो तर बाजूची जागा रिकामी!

"या अल्ला! मेरे पाँव को कुछ लगा!" साबीरभाई ओरडले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाखालून आधी पापडांची प्लेट बाहेर आली. तिच्यामागून भाऊ. गुडघे झटकून ते पलीकडच्या टेबलाकडे गेले. तिथं एक म्हातारं जोडपं केव्हाचं जेवणाची वाट पाहत होतं. आजोबांनी पापड घेतला, चष्म्यातून भाऊंना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी कुठून आले बाप्पा?"

भाऊंनी बोट दाखवलं. "खालून."

* * *

आणि आता ती टोपी.

नागपूरला आमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं, आणि दुपारचं जेवण एका मोठ्या हॉटेलात. बफे! मॅडमना आनंद झाला. "इथं ज्याचं त्यानं घ्याचं. वाढाचा प्रश्नच नाई. आता भाऊ काय करतीन?"

आम्ही ताटं घेऊन रांगेत लागलो. भाऊ आमच्या मागे. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर भाऊ नाहीत. रांग पुढे सरकली. भाताच्या पलीकडे, टेबलाच्या आतल्या बाजूला, हातात डाव घेऊन उभे कोण?

त्याचं असं झालं होतं. एका बाईच्या कडेवर मूल होतं, तिला एका हातानं भात घेता येईना. भाऊ पलीकडे गेले आणि वाढला. तिच्यामागच्यालाही वाढला. तेवढ्यात कोट घातलेला मॅनेजर आला आणि भाऊंवरच खेकसला, "आपकी टोपी कहाँ है?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अहो मी पाहुणा आहे. भाऊ म्हणाले, "भेटली नाई जी."

मॅनेजरनं टोपी आणून दिली. पांढरी, उंच. हातमोजेही दिले. भाऊंनी ते घातले आणि पाऊण तास सगळ्या ट्रेनिंगला वाढलं. आमचे जिल्ह्याचे साहेब रांगेत आले. ताट पुढे केलं, वर पाहिलं, आणि त्यांचा आ तसाच राहिला.

"घ्या न साहेब," भाऊ म्हणाले. "लाजू नका."

मॅनेजर खूश. जाताना भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अच्छा काम करते हो. कल दस बजे आ जाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भाऊ हॉटेलच्या रिसेप्शनला फोन लावून मोठ्या अदबीनं सांगत होते, "आज थोडा उशीर होईन जी. ट्रेनिंग हाय."

* * *

शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला.

मीटिंग लांबली. तीन वाजून गेले होते. वाशीमहून परतीच्या रस्त्यावरच्या एका लहानशा हॉटेलात शिरलो. आमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही. मला वाटलं, आज जमलं! वाढायला दुसरं ताटच नाही. मॅडमनी भाऊंना खुर्चीत बसवलं. साबीरभाई खुर्चीमागे उभे राहिले. मी पाण्याचा ग्लास भरला. पाटोडीची भाजी आली, वाफाळलेली. मॅडमनी डाव हातात घेतला. "भाऊ, आता तुमी बसा. मी वाढते."

भाऊ बसले. खरंच बसले. ताट समोर ओढून घेतलं.

आणि मग त्यांचं लक्ष वेटरकडे गेलं. साठीचा माणूस. भिंतीला टेकून, एक पाय चपलेतून काढून उभा होता.

"काका, तुमी जेवले काय?"

"आमचं होते जी, चार-साडेचारले."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. भाऊ उठले होते! काकांना धरून आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. मॅडमच्या हातातला डाव घेतला. काका घाबरून काउंटरकडे बघू लागले. मालक उठून आला.

"हे काय चालू हाय?"

"तुमी जेवले काय?" भाऊंनी त्याला विचारलं.

"नाई, पन..."

"मंग बसा न!"

आणि मालक बसला! कसा बसला ते त्यालाही कळलं नसेल. आतून आचारी डोकावला, त्यालाही बसवलं. भांडी घासणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या, त्यांनाही. एका ओळीत चौघं. साबीरभाईंनी लोणचं घेतलं, मी पाणी, मॅडमनी रोट्या. भाऊ भाजी घेऊन ओळीवरून फिरत होते, प्रत्येक ताटापाशी कमरेतून वाकत.

आचाऱ्यानं घास घेतला आणि चावता चावता थांबला. "हे आपुन बनवलं काय? चांगलं हाय न!"

मालक स्वतःच्या हॉटेलात ताटावर हात आडवा धरून ओरडत होता, "बस बस, पोट भरलं!" आणि भाऊ त्याला म्हणत होते, "अर्धी तं घ्या. घरचंच हाय!"

तेवढ्यात दारात एक कुटुंब आलं. आतला देखावा पाहून तिथंच थबकलं. "हॉटेल बंद हाय काय?"

"चालू हाय," भाऊ म्हणाले. "बसा, पंगतच बसली हाय."

सगळ्यांची जेवणं झाली. मालकानं हात धुतले, टेबल स्वतः पुसलं आणि भाऊंसाठी खुर्ची ओढली. "भाऊ, आता तुमी. मी वाढतो."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. मंगरूळपीरहून त्यांची इंझोरीची गाडी साडेपाचला. एका रोटीत ठेचा गुंडाळून ते जीपकडे निघाले. मॅडमनी रोट्यांची थाळी टेबलावर जरा जोरातच ठेवली.

"रागावू नका मॅडम," भाऊ पायरीवरून म्हणाले. "पुढच्या मीटिंगले बसतो. पक्कं."

पुढची मीटिंग म्हणजे भाऊ गेले त्या आठवड्यातला गुरुवार. भाऊंना वाढायचं राहून गेलं.