आईच्या नावाची होडी

मंडळी, आज तुमच्याकडे एक मागणं आहे.

मोठ्या इंटरनेट नेटवर्कचं माझं ऑनलाइन ट्रेनिंग चालू आहे. डेटाच्या पॅकेटना लेबल लावायची आणि गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं ते ठरवायचं. आज परीक्षा होती. फोनवरच्या आवाजाला सगळ्यांच्या पुढे काढायचं होतं, कारण उशिरा पोचलेला आवाज कामाचा नसतो.

मध्येच बाबांचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, तोही कापला.

पेपर संपल्यावर तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेले. बाबा वाळूत एकटे बसले होते. गुडघे चालत नाहीत म्हणून त्यांनी होडी विकली होती. न्यायला माणसं उद्या येणार होती, ती भरती बघून आजच आली. होडीवर बाबांनी स्वतः रंगवलेलं माझ्या गेलेल्या आईचं नाव होतं, 'सुमती'. नेण्याआधी त्या माणसांनी ते तिथेच खरवडून काढलं.

"नावाचो एक फोटो होयो होतो," बाबा म्हणाले. "माझ्या फोनात कॅमेरो नाय."

"मगे परत फोन कित्याक नाय केल्यात?"

"तुझी परीक्षा होती गो."

खरवडलेले निळे पापुद्रे बाबांनी रुमालात बांधून घरी आणले. मी पास झाले, पण अजून त्यांना सांगितलेलं नाही.

होडी रोज समोर असायची, म्हणून मीही कधी फोटो काढला नाही. तुमच्यापैकी कुणी तारकर्लीला फिरायला आला असाल, तर तुमच्या जुन्या फोटोंत मागे कुठे 'सुमती' दिसते का, बघाल?